मर्ल ओबेरॉन ऊर्फ क्वीनी थॉम्पसन हिस

प्रिय क्वीनी,

पाकिटावर मर्ल ओबेरॉन लिहिलं तरी आत मी तुला क्वीनीच म्हणणार आहे. मर्ल ओबेरॉन हे नाव तुला लंडनमध्ये अलेक्झांडर कोर्डाच्या स्टुडिओत मिळालं आणि जगाने तुला त्याच नावाने ओळखलं. क्वीनी मात्र आमच्या इथली. १९ फेब्रुवारी १९११ ला तू मुंबईत जन्मलीस. त्याच वर्षी डिसेंबरात पंचम जॉर्ज आणि मेरी राणी अपोलो बंदरावर उतरले, आणि राणीवरून घरात तुला क्वीनी म्हणू लागले असं सांगतात. ते उतरले तिथे पुढे गेटवे ऑफ इंडिया उभं राहिलं. आज गेटवेपाशी फोटो काढणाऱ्या गर्दीत तुझं नाव ठाऊक असलेला माणूस शोधून सापडणार नाही. तुला हेच हवं होतं ना? त्यासाठी तर तू जन्मभर जिवाचं रान केलंस.

मुलाखत कुणीही घेवो, तुझं उत्तर ठरलेलं असायचं. जन्म टास्मानियातल्या होबार्टचा, जन्माचे दाखले आगीत जळाले. कोर्डाच्या प्रसिद्धीवाल्यांनी जागा मोठ्या हुशारीने निवडली होती. लंडन आणि हॉलिवूड दोन्हींपासून इतकी लांब की उठून कोण चौकशीला जातंय! शिवाय पक्की ब्रिटिश. पण क्वीनी, दाखला जळाला नव्हता गं. तो इथे मुंबईच्या सरकारी दप्तरात होता. तुझ्याच रक्ताच्या माणसाने तो शोधून काढला. तो स्वतःला तुझा भाचा समजत होता. दाखल्यावर आईचं नाव वाचलं तेव्हा त्याला कळलं की तो तुझा भाऊ आहे. तुला भेटायला तो लॉस एंजेलिसपर्यंत आला आणि तू त्याला भेटली नाहीस.

ज्या कॉन्स्टन्सला तू बहीण म्हणत वाढलीस, ती तुझी आई होती. तू झालीस तेव्हा ती जेमतेम बारा वर्षांची होती म्हणतात. पोरच. आणि जिला तू आई म्हणालीस ती शार्लट, सिलोनची, मिश्र वंशाची, ती तुझी आजी. मुलीची लाज झाकायला तिने नातीला पोटची म्हणून वाढवलं. डार्लिंग्टनहून रेल्वेत नोकरीला आलेला इंग्रज बाप महायुद्धात गेला आणि १९१६ साली तिकडेच आजारात वारला. पुढच्या वर्षी शार्लट तुला घेऊन कलकत्त्याला गेली. हे सगळं तुला ठाऊक होतं का? की जगापासून एक गोष्ट लपवता लपवता तुझ्यापासूनही कुणीतरी एक गोष्ट लपवून ठेवली होती? याचं उत्तर आता कुणाकडेच नाही.

कलकत्त्याला ला मार्टिनिअरमध्ये तुला शिष्यवृत्ती मिळाली, पण आईबापांवरून मुली इतकं टोचून बोलायच्या की तू शाळाच सोडलीस. नाटकांत कामं केलीस. टेलिफोन ऑपरेटर होतीस, असंही सांगतात. फर्पो नावाच्या रेस्टॉरंटमध्ये संध्याकाळी नाचायला जायचीस. तिथे भेटलेल्या एका गोऱ्या गृहस्थाचा किस्सा तुझ्या चरित्रांतून येतो. तो तुझ्यावर लट्टू होता. एकदा घरी आला, दारात शार्लटला पाहिलं, तिचा रंग पाहिला, आणि त्याचं प्रेम तिथल्या तिथे आटलं. फ्रान्समध्ये सिनेमावाल्यांशी ओळख करून देईन, एवढं आश्वासन देऊन तो बाजूला झाला. तू मात्र ते आश्वासन घट्ट धरून आईसकट बोटीत बसलीस. क्वीनी, वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास एवढी हिंमत तू कुठून आणलीस?

पण त्या दारातल्या क्षणीच तुझा पुढचा रस्ता ठरला असं मला वाटतं. आई दिसली की दार बंद होतं, हे तू तेव्हा शिकलीस.

मग लंडन. आधी एक्स्ट्राची कामं, आणि १९३३ साली ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’. त्यात चार्ल्स लॉटनचा राजा भलताच गाजला, त्याला ऑस्कर मिळालं. तुझी ॲन बोलिन सुरुवातीच्या काही मिनिटांतच वधस्तंभाकडे जाते. पण मरायला निघालेली ती राणी केस नीट बसतील ना याची काळजी करते, तेव्हा राजा विसरायला होतं. तुला तिथे रडून काम भागवता आलं असतं. तू ते केलं नाहीस. तो ताठपणा अभिनयाचा होता की तुझाच, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुझ्या चेहऱ्याचं काय करावं हे त्यांना आधी कळेना. १९३४ च्या ‘द बॅटल’मध्ये तुला जपानी बाई केलं. पुढच्याच वर्षी हॉलिवूडमध्ये सॅम्युअल गोल्डविनने ‘द डार्क एंजल’मध्ये तुला इंग्लंडच्या खेड्यातली गोरी, साधी मुलगी केलं आणि तुला ऑस्करचं नामांकन मिळालं. बक्षीस बेटी डेव्हिसला गेलं. तुझ्या त्या नामांकनाचं खरं मोल कुणालाच कळलं नाही, कारण ते कळू नये अशी व्यवस्था तूच केली होतीस.

तुझ्या खोटेपणावर बोट ठेवणाऱ्यांना मी दोनचार गोष्टींची नेहमी आठवण करून देते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली ठरवलं होतं की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या दृष्टीने गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. ते दार उघडायला १९४६ साल उजाडावं लागलं. हॉलिवूडची जी आचारसंहिता १९३४ पासून कडकपणे लागू झाली, तिने दोन वंशांतलं प्रेम पडद्यावर दाखवायला बंदी घातली होती. ॲना मे वाँगचं काय झालं ते तू जवळून पाहिलंस. चिनी शेतकऱ्यांच्या गोष्टीवरच्या ‘द गुड अर्थ’मध्ये नायिकेचं काम त्या चिनी वंशाच्या नटीला मिळालं नाही. ते लुइझ रेनरला दिलं, आणि त्यासाठी तिला ऑस्करही मिळालं. तू खरं सांगितलं असतंस तर तुझ्या वाट्याला काय आलं असतं, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आणि साबू आठवतो? म्हैसूरकडचा माहुताचा पोरगा. कोर्डाने त्याला ‘एलिफंट बॉय’मध्ये घेतलं, १९३७ साली. त्याचं हिंदुस्थानीपण फेटा बांधून जगभर मिरवलं. त्याच कंपनीत, त्याच सुमारास, तुझं हिंदुस्थानीपण कुलूपबंद केलं जात होतं. हत्तीवर बसलेला सावळा मुलगा त्यांना चालत होता. इंग्रज नायकाच्या मिठीत सावळी बाई चालणार नव्हती. तुम्हा दोघांची कधी गाठ पडली का? पडली असेल तर त्याच्याशी तू काय बोललीस? एखादा हिंदी शब्द जिभेवर आला असेल आणि तू तो गिळला असशील, असं उगीच माझ्या मनात येतं.

तुझ्या गोष्टीशेजारी मला नेहमी आणखी एक मुलगी दिसते. आमच्या पुण्याची रूबी मायर्स. बगदादी ज्यू घरातली, तुझ्याहून थोडी मोठी, आणि तीही टेलिफोन ऑपरेटर! मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीने तिला पडद्यावर आणलं आणि नाव ठेवलं सुलोचना. मूकपटांची ती राणी होती. बोलपट आले तेव्हा तिची भाषा कच्ची, म्हणून ती वर्षभर थांबली, हिंदुस्थानी शिकली आणि परत आली. तू त्याच काळात तुझ्या बोलण्यातून कलकत्ता पुसून काढत होतीस. उसनं नाव तिनेही घेतलं, तूही. पण सुलोचना म्हणजे रूबी मायर्स हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यासाठी तिला कुठले दाखले जाळावे लागले नाहीत. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. तुझा शेवटचा सिनेमा ‘इंटरव्हल’ आला तोही त्याच वर्षी. तू इथेच राहिली असतीस तर, असं म्हणायचा मोह मला होतो. पण मग ‘वदरिंग हाइट्स’मधली कॅथी आम्हाला मिळाली नसती.

त्या कॅथीबद्दल तुझ्याशी बोलायचंच आहे. १९३९ चा तो सिनेमा, दिग्दर्शक विल्यम वायलर. यॉर्कशरचा माळ कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर उभा केलेला. कादंबरीतला हीथक्लिफ काळासावळा, जिप्सी म्हणून हिणवला जाणारा. ते काम लॉरेन्स ऑलिव्हिएला दिलं आणि गोऱ्या घरातली कॅथी तुला. ऑलिव्हिएला कॅथी म्हणून व्हिव्हियन ली हवी होती, त्यामुळे तुम्हा दोघांचं सेटवर फारसं पटलं नाही. व्हिव्हियन जन्मली दार्जिलिंगला. हिंदुस्थानातला जन्म तिला कधी आड आला नाही. तुला मात्र टास्मानिया शोधावं लागलं.

स्वयंपाकघरातला तो प्रसंग मी किती वेळा पाहिलाय. बाहेर वादळ. शेजारच्या श्रीमंत एडगरने लग्नाचं विचारलंय आणि तू ते घरकाम पाहणाऱ्या एलनला सांगतेस, आधी मिरवत, मग अडखळत. दाराआड हीथक्लिफ ऐकतोय. त्याच्याशी लग्न म्हणजे आपल्या पायरीवरून उतरणं, असं काहीसं तुझ्या तोंडून निघतं आणि तो निघून जातो. त्याच्या पाठोपाठ तुझा चेहरा पालटतो. ज्याला सगळे हलका समजतात त्याच्यात आणि आपल्यात काडीचंही अंतर नाही, हे बोलता बोलताच तुला उमगतं. वीज चमकते. तुझे डोळे मोठे होतात आणि क्षणभर तू एलनकडेही बघत नाहीस. स्वतःच्याच तोंडून स्वतःबद्दलचं खरं निघून गेल्यावर माणूस जसा दचकतो, तशी तू दचकतेस. क्वीनी, ते कॅथीचं दचकणं होतं, की सेटवर भरल्या माणसांत तूच एकदा खरं बोलून घेतलंस? ग्रेग टोलंडला त्या छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं. त्याने प्रकाश सुरेख टाकला होता, पण डोळ्यांत जे आलं ते तू आणलंस.

त्या चेहऱ्यासाठी तू काय काय सोसलंस! १९३७ साली ‘आय, क्लॉडियस’च्या वेळी लंडनमध्ये मोटारीचा अपघात झाला आणि तो सिनेमा कायमचा बंद पडला. पुढे त्वचा उजळण्याची प्रसाधनं आणि सल्फाची औषधं यांनी मिळून चेहऱ्याची साल काढली. न्यूयॉर्कच्या डॉक्टरकडे जाऊन वरची त्वचा खरवडून घेतलीस, तरी व्रण राहिलेच. मग ‘द लॉजर’च्या वेळी कॅमेरामन लुसियन बॅलर्डने युक्ती काढली. कॅमेऱ्याच्या भिंगाला अगदी लागून वर एक लहान दिवा बसवायचा. ज्या रेषेत भिंग बघतं त्याच रेषेत उजेड पडतो, त्यामुळे व्रणांच्या खळग्यांतल्या सावल्या भिंगाला दिसतच नाहीत. कॅमेरा पुढे सरकला की दिवाही त्याच्याबरोबर सरकतो, आणि डोळ्यांत एक बारीकसा ठिपका चमकत राहतो. पुढे बॅलर्डशी तू लग्न केलंस. लग्न चार वर्षांत मोडलं, दिवा मात्र टिकला. चित्रीकरणाच्या धंद्यात त्याला आजही ओबी म्हणतात. पुढच्या किती नट्यांच्या डोळ्यांत तुझं अर्धं नाव लकाकून गेलं असेल, तुला कल्पना तरी आहे का?

इथपर्यंत मी तुझ्या बाजूची आहे. आता राग.

लंडनच्या तुझ्या घरात पाहुणे आले की शार्लट मोलकरीण व्हायची. चहाचा ट्रे घेऊन यायची, ठेवायची, जायची. तुझ्या चरित्रांतून ही गोष्ट येते आणि प्रत्येक वेळी मला पुस्तक मिटावंसं वाटतं. जन्मगाव लपवलंस, समजू शकते. नाव बदललंस, सगळेच बदलत होते. पण ज्या बाईने पोटच्या मुलीची लेक पोटाशी घेतली, तिला तुझ्याच दिवाणखान्यात परकं व्हायला लावलंस? पाहुणे गेल्यावर तुम्ही दोघी काय बोलत होतात? ती हसायची का? उरलेला केक दोघींनी बसून खाल्लात का? की ती आत निघून जायची आणि तू एकटीच बसायचीस? १९३७ साली ती गेली.

आणि मग १९४९ मध्ये तू एका जुन्या फोटोवरून तिचं चित्र काढून घेतलंस. चित्रकाराला सांगितलंस, रंग उजळ कर. गोऱ्या झालेल्या शार्लटची ती तसबीर तुझ्या प्रत्येक घरात राहिली, अगदी तुझ्या मरणापर्यंत. मेक्सिकोत, कॅलिफोर्नियात, जिथे गेलीस तिथे. या तसबिरीपाशी माझा राग अडखळतो. नुसतं लपवायचंच असतं तर चित्र काढलंच नसतंस. तुला ती भिंतीवर हवी होती. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं होतं, ही माझी आई. मग तिला मेल्यानंतर तरी तिच्या रंगात राहू द्यायचं होतंस! हे तुला जमलं नाही, आणि त्याबद्दल मी तुला माफ करू शकत नाही, नि तुझी कीवही येते.

पण तुला बोल लावणारे आम्ही तरी कोण मोठे लागून गेलोय? आमच्या घरात मुलगी झाली की आजही आधी वजन आणि मग रंग विचारतात. माझ्या आत्याला बघायला आलेल्या मंडळींना आजी सांगायची, रंगाने सावळी आहे पण नाकीडोळी नीटस आहे. दाखवण्याच्या आदल्या दिवशी तिच्या तोंडाला साय आणि डाळीचं पीठ फासलेलं असायचं. आत्या निमूट बसायची. लग्नाच्या जाहिरातींत गोरी वधू हवी असं अजून छापून येतं. तुला पारा लावलेल्या आरशासारखं झगझगीत गोरं व्हायला लावणारे लोक काही सगळेच साहेब नव्हते. फर्पोत नाचणाऱ्या तुला आपल्यातलीही कितीतरी माणसं वरून खाली न्याहाळत असतील आणि किती अंश पांढरी, किती अंश काळी, याचा हिशेब मांडत असतील.

तुझ्या शेवटच्या वर्षांबद्दल वाचताना मात्र फार वाईट वाटतं. १९६५ साली ऑस्ट्रेलियात गेलीस, पत्रकार खोदून विचारू लागलेत असं दिसताच दौरा आवरता घेतलास. १९७८ मध्ये होबार्टने तुला सन्मानाने बोलावलं. ज्या गावात तू जन्मली नव्हतीस त्या गावाने लेक म्हणून तुझं स्वागत मांडलं. तिथेही प्रश्न आलेच आणि तू पार कोलमडलीस. किती भीती वाटली असेल तुला! सदुसष्टाव्या वर्षी, सगळं कमावून झाल्यावर, कोर्डाशी लग्न करून लेडी कोर्डा होऊन झाल्यावर, अजूनही शाळेतल्या त्या मुली मागे लागलेल्या. वर्षभराने, २३ नोव्हेंबर १९७९ ला, मालिबूमध्ये तू गेलीस. तुझ्या मायभूमीत, जिथे तुला काहीच सिद्ध करावं लागलं नसतं, तिथे मात्र कुणी सत्कार मांडला नाही, कारण आम्हाला माहीतच नव्हतं.

हे पत्र तुला आवडणार नाही, कळतंय मला. कोर्डाचा पुतण्या मायकेल घराण्याच्या आठवणी लिहीत होता तेव्हा दाव्याची धमकी देऊन तू त्याला तुझं मूळ त्यातून वगळायला लावलंस. मग मी तरी जाहीर का लिहावं?

तर ऐक. २०२३ साली मिशेल योला उत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. तेव्हा बातम्यांत मोठ्या काळजीने लिहिलं जात होतं की स्वतःला आशियाई म्हणवणारी ती या गटातली पहिली नामांकित अभिनेत्री. ती काळजी तुझ्यामुळे. सत्त्याऐंशी वर्षं आधी तू तिथे पोचली होतीस, एकटी, आणि तिथे उभं राहून एक अक्षर बोलायची तुला सोय नव्हती. ज्या कायद्यांना तू घाबरलीस ते गेले. ती आचारसंहिता गेली. आता खरं सांगितल्याने तुझं एकही काम कुणी काढून घेऊ शकत नाही. नुकसान झालं ते लपवण्याने, आणि ते आमच्याकडच्या सावळ्या, मोठ्या डोळ्यांच्या, आरशापुढे नाराज होऊन बसलेल्या मुलींचं झालं. त्यांना तुझी कॅथी दाखवून हे सांगता आलं असतं की ही मुंबईची.

मी ते सांगणार आहे. तू उत्तम नटी होतीस हे आधी सांगेन, कारण जन्माच्या गोष्टीत तुझं काम झाकून जातं आणि ते मला मुळीच पटत नाही. मग सांगेन की ही मुंबईत जन्मली, कॉन्स्टन्सच्या पोटी, आणि हिला शार्लटने वाढवलं. शार्लट दिसायला कशी होती असं कुणी विचारलं तर सावळी होती म्हणून सांगेन. एवढं तू मला करू द्यायला हवंस.

तुझी,
मुंबईची एक प्रेक्षक